‘इम्पोर्टेड फ्रॉम डेट्रॉइट’: शहराच्या नावावर विकलेली एक गाडी

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या वार्षिक अंतिम लढतीच्या, त्या सामन्यात दोन्ही संघांच्या नावात कारखाना होता. पिट्सबर्ग स्टीलर्स म्हणजे पोलादवाले. ग्रीन बे पॅकर्स म्हणजे मांस डबाबंद करणारे. १९१९ साली इंडियन पॅकिंग कंपनीनं खेळाडूंच्या जर्सींसाठी पैसे दिले आणि ते नाव संघाला कायमचं चिकटलं. तारीख ६ फेब्रुवारी २०११, मैदान टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं. सामना सुरू असताना ३० सेकंदांच्या जाहिरातीला सुमारे ३० लाख डॉलर पडत होते. क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीनं सलग दोन मिनिटं घेतली.

दिवाळखोरीतून बाहेर येऊन त्या कंपनीला दोन वर्षंही झाली नव्हती. सरकारचं कर्ज अजून फिटायचं होतं. विकायला होती ती ‘क्रायस्लर २००’ नावाची मध्यम आकाराची सेडान, आणि तीही पूर्ण नवी नव्हती. तरीही ती दोन मिनिटं अमेरिकी वाहन-जाहिरातीच्या इतिहासात टिकली. ती का टिकली, त्यातून गाडीला, कंपनीला, कामगारांना आणि ज्या शहराचं नाव वापरलं त्या शहराला काय मिळालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. ‘आमच्या मातीत बनलेलं’ असं सांगून माल विकणाऱ्या कुणालाही यातून बरंच घेता येईल असं मला वाटतं. म्हणूनच मी ही जाहिरात पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

पडद्यावर काय होतं

सुरुवातीला धुरांडी दिसतात, हमरस्त्यावरची डेट्रॉइटची पाटी येते, थंडीतलं करडं आकाश, बंद पडलेल्या इमारती. एक जाडाभरडा आवाज विचारतो की या शहराला ऐषआरामातलं काय कळतं? नरकात जाऊन परत आलेल्या गावाला उंची गोष्टींची काय ओळख? उत्तरही तोच देतो: सगळ्यात तापलेल्या आगीतूनच सगळ्यात कणखर पोलाद निघतं. मग एकेक चित्र सरकत जातं. मुष्टियोद्धा जो लुई याच्या स्मरणार्थ उभारलेली हाताची प्रचंड मूठ. ‘स्पिरिट ऑफ डेट्रॉइट’चा पुतळा. दिएगो रिव्हेरानं १९३२-३३ मध्ये डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सच्या भिंतींवर रंगवलेले फोर्डच्या रूज कारखान्यातले कामगार. या सगळ्यामधून एक काळी गाडी शांतपणे जात राहते. शेवटी ती वुडवर्ड रस्त्यावरच्या फॉक्स थिएटरपाशी थांबते, रॅप गायक एमिनेम उतरतो, आत रंगमंचावर गाणाऱ्या चर्चच्या गायकवृंदासमोर उभा राहतो आणि कॅमेऱ्याकडे बोट करून सांगतो की हे मोटारींचं शहर आहे आणि आमचं काम हेच. मग काळ्या पडद्यावर अक्षरं येतात: इम्पोर्टेड फ्रॉम डेट्रॉइट.

‘इम्पोर्टेड’ या शब्दाचं वजन मराठी घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काकांनी परदेशातून आणलेला टेपरेकॉर्डर, शोकेसमधली अत्तराची बाटली. इम्पोर्टेड म्हटलं की वस्तू आपोआप एक पायरी वर जायची. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत हेच घडलं होतं. ‘इम्पोर्ट’ म्हणजे जर्मन किंवा जपानी, म्हणजे नीट बांधलेली, खटखट न करणारी गाडी. देशी गाडी म्हणजे तडजोड. वायडन अँड केनेडी या जाहिरात संस्थेनं हा शब्द उचलून आपल्याच देशातल्या सगळ्यात बदनाम औद्योगिक शहरापुढे लावला. देशी माल विकताना ‘आयात’ हा शब्द वापरल्यामुळे ऐकणारा क्षणभर थांबतो, आणि या जाहिरातीचा सगळा भार त्या क्षणावर आहे.

जे वगळलं तेही पाहावं. राष्ट्रध्वजावर भर नाही. किंमत, मायलेज, हप्ता यातलं काही नाही. पडझड लपवलेली नाही. माझ्या मते ध्वज मागे ठेवण्याचा निर्णय सगळ्यात शहाणा होता. करदात्यांच्या पैशावर तगलेल्या कंपनीनं त्याच करदात्यांना देशप्रेमाची आठवण करून दिली असती तर लोक चिडले असते. ‘आमच्या शहराला कमी लेखू नका’ एवढंच म्हणणाऱ्यावर मात्र कुणी सहज रागावत नाही.

हे शहर आणि ही कंपनी

१९५० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती ७,१३,७७७ झाली. कारखाने उपनगरात गेले, मग दक्षिणेकडच्या राज्यांत, मग सीमेपार. गोरा मध्यमवर्ग शहराबाहेर गेला आणि त्याच्याबरोबर कराचं उत्पन्नही. जाहिरातीत दिसणाऱ्या रिकाम्या इमारतींमागे हा साठ वर्षांचा हिशेब आहे.

क्रायस्लरची कहाणी याला समांतर चालते. १९९८ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी विलीनीकरण झालं, २००७ मध्ये सेर्बेरस या गुंतवणूक कंपनीनं ती घेतली, आणि ३० एप्रिल २००९ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. १० जूनला ती बाहेर आली तेव्हा व्यवस्थापन इटलीच्या फियाटकडे होतं आणि मालकीचा मोठा हिस्सा निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चासाठीच्या विश्वस्त निधीकडे. प्रमुख होते सर्जिओ मार्किओने, जन्म इटलीतला, किशोरवयात कॅनडाला गेलेले. जाहिरातीची सूत्रं फ्रेंच गृहस्थ ऑलिव्हिए फ्रांस्वा यांच्याकडे. डेट्रॉइटच्या अभिमानाची सगळ्यात गाजलेली जाहिरात अशा प्रकारे बाहेरून आलेल्या माणसांच्या कारकिर्दीत झाली. मला यात विसंगती वाटत नाही. इटालियन माणूस गाडीचं गाव विचारतो. तूरिन आणि मोडेना ही त्याच्यासाठी प्रतीचीच नावं असतात. अमेरिकी व्यवस्थापकांना जे शहर ओझं वाटत होतं, ते या दोघांना उगमस्थान म्हणून दिसलं असावं.

तयारी आधीपासून होती. २०१० च्या उन्हाळ्यात याच संस्थेनं जीप ग्रँड चेरोकीसाठी एक जाहिरात केली होती. आपण ज्या वस्तू घडवतो त्याच आपल्याला घडवतात, असा तिचा गाभा होता. आगगाड्या, पोलाद, गगनचुंबी इमारती आणि मग ती गाडी. सुपर बोलची जाहिरात त्याच विचाराची पुढची पायरी. फरक इतकाच की देशाच्या जागी शहर आलं, आणि त्यामुळे सगळं जास्त खरं वाटलं.

याआधीही एकदा

क्रायस्लरला अभिमानाच्या आधारानं उभं राहण्याची सवय जुनी. १९७९ च्या संकटात अमेरिकी काँग्रेसनं (तिथल्या संसदेनं) दीड अब्ज डॉलरच्या कर्जहमीचा कायदा केला, जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली आणि तेव्हाचे क्रायस्लरप्रमुख ली आयाकोका यांनी १९८३ मध्येच, मुदतीच्या सात वर्षं आधी, कर्ज फेडलं. आयाकोका स्वतः टीव्हीवर येऊन सांगत की याहून चांगली गाडी सापडली तर खुशाल ती घ्या. पुढे त्याच दशकात ‘अभिमान परत आला आहे’ अशा घोषणेची मोहीमही निघाली. त्याच काळात क्रायस्लरच्या दालनात डॉज कोल्ट नावानं मित्सुबिशीनं जपानमध्ये बनवलेली गाडी विकली जात होती. म्हणजे घोषणा आणि पत्ता यांच्यातलं अंतर २०११ चं नाही, ते जुनंच आहे.

आपला एक धागा इथं जोडला जातो, आणि तो मला सोडवत नाही. वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लरशी करार करून प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, फार्गो या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्यानंतर त्याच कारखान्यानं फियाट घेतली आणि त्यातून मुंबईची काळीपिवळी उभी राहिली. क्रायस्लर आणि फियाट डेट्रॉइटमध्ये एकत्र आल्या २००९ मध्ये. कुर्ल्यानं दोन्ही नावांच्या गाड्या त्याच्या कित्येक दशकं आधी बाहेर काढल्या होत्या.

गाडी बनत कुठे होती?

प्रकरणाची खरी गाठ इथं आहे. क्रायस्लर २०० ची जुळणी डेट्रॉइट शहरात होत नव्हती. ती होत होती स्टर्लिंग हाइट्समध्ये, शहराच्या उत्तरेला, वेगळ्या नगरपालिकेच्या आणि वेगळ्या काउंटीच्या हद्दीत. आपल्याकडे चाकणला बनलेल्या गाडीला लोक ‘पुण्याची’ म्हणतात, तसं म्हणून हे चालवून घेता येईल. मीही घेईन. पण त्याच घोषवाक्याखाली क्रायस्लर ३०० ही मोठी सेडानही विकली गेली, आणि ती बनत होती कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला. तिथं ‘पुण्याची’ म्हणण्याची सवलत संपते.

डेट्रॉइट शहराच्या हद्दीत क्रायस्लर समूहाचा मोठा जुळणी कारखाना होता जेफरसन नॉर्थ. तिथं जीप ग्रँड चेरोकी बनत होती. म्हणजे ज्या गाडीला शहराचं नाव अक्षरशः लागू पडत होतं, तिच्या जाहिरातीत देशाचा गौरव होता. आणि शहराचा गौरव मिळाला तो शहराबाहेर बनणाऱ्या गाडीला.

स्टर्लिंग हाइट्सच्या कारखान्याची कथा स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात तो जेट इंजिनांसाठी बांधला गेला, मग क्रायस्लरनं तिथं अमेरिकी लष्करासाठी रेडस्टोन आणि ज्युपिटर क्षेपणास्त्रं बनवली. १९८० मध्ये फोक्सवॅगननं तो विकत घेतला, पण तिथून एकही गाडी बाहेर काढली नाही. १९८३ मध्ये क्रायस्लरनं परत घेतला. २००९ च्या दिवाळखोरीत तो बंद करायच्या यादीत होता. २०१० च्या जुलैत निर्णय फिरला: कारखाना चालू राहणार आणि दुसरी पाळी सुरू होऊन सुमारे ९०० माणसं लागणार. एवढी खरी गोष्ट हाताशी असताना जाहिरातीत या कारखान्याचं नावही नाही. मला ही या मोहिमेतली सगळ्यात मोठी चुकलेली संधी वाटते. बंद होता होता वाचलेल्या कारखान्यातला माणूस फॉक्स थिएटरच्या रंगमंचाइतकाच पडदा भरून टाकू शकला असता.

कायद्यानं यात काही खोटं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. ‘मेड इन यूएसए’ असं बिनशर्त लिहायचं तर वस्तू सर्वस्वी किंवा जवळजवळ सर्वस्वी अमेरिकेत बनलेली असावी, असा फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेचा दंडक आहे. ‘इम्पोर्टेड फ्रॉम डेट्रॉइट’ हा तसा दावाच नाही. ती घोषणा आहे. मोटारींसाठी वेगळा कायदाही आहे. १९९२ चा लेबलिंग कायदा १९९४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर जुळणीचं ठिकाण, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या देशातले, सुटे भाग किती टक्के देशी, हे छापावं लागतं. त्यात अमेरिका आणि कॅनडा यांचे भाग एकत्रच मोजतात. खरेदीदारानं वाकून ती चिठ्ठी वाचली असती तर सगळं समोर होतं. त्याच वर्षी एका वाहन-संकेतस्थळाच्या ‘सर्वाधिक अमेरिकी’ गाड्यांच्या यादीत पहिली होती टोयोटा कॅमरी, केंटकीतल्या जॉर्जटाउनला बनणारी.

कालांतरानं शिनोला या घड्याळांच्या ब्रँडला नेमकी हीच ठेच लागली. जुन्या बूटपॉलिशचं नाव विकत घेऊन डेट्रॉइटमध्ये उभी राहिलेली ही कंपनी ‘बिल्ट इन डेट्रॉइट’ असं म्हणत होती. २०१६ मध्ये ट्रेड कमिशननं लक्ष घातल्यावर स्विस आणि आयात भागांचा उल्लेख जोडावा लागला. तिथल्या कामगारांचं कौशल्य खरं होतं. दावा मात्र त्याच्यापेक्षा मोठा होता.

टी-शर्टाचा खटला

जाहिरात लागल्यावर शहर अक्षरशः हललं. ज्यांना वर्षानुवर्षं फक्त भग्न इमारतींच्या फोटोंतून दाखवलं गेलं, त्यांना कुणीतरी ताठ मानेनं दाखवलं होतं. ते वाक्य लोकांना अंगावर घालायचं होतं. डेट्रॉइटमधल्या एका दुकानदारानं तसे टी-शर्ट विकायला काढले. क्रायस्लर स्वतःही विकत होती. मार्च २०११ मध्ये कंपनीनं त्या दुकानावर दावा लावला.

न्यायालयानं मनाई हुकूम द्यायला नकार दिला, आणि गाड्या नेमक्या कुठे बनतात हा प्रश्नही त्या वादात आलाच. पुढे प्रकरण आपसात मिटलं. व्यापारचिन्ह जपण्याचा कंपनीचा हक्क मला समजतो. पण डेट्रॉइटचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या मोहिमेनं महिन्याभरात डेट्रॉइटमधल्याच एका छोट्या दुकानाला कोर्टात खेचावं, हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. त्या वाक्याला किंमत आली ती शहरानं भोगलेल्या साठ वर्षांमुळे, आणि त्या वर्षांवर कंपनीची एकटीची मालकी नव्हती.

विक्रीचं काय झालं

जाहिरातीला २०११ चा सर्वोत्कृष्ट जाहिरातीचा एमी पुरस्कार मिळाला. २४ मे २०११ रोजी क्रायस्लरनं अमेरिका आणि कॅनडा सरकारांचं उरलेलं सुमारे ७.६ अब्ज डॉलरचं कर्ज फेडलं. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटवून सांगण्याचा मोह होतो, पण कर्जफेड नव्या कर्जातून आणि फियाटच्या पैशातून झाली. त्याचं श्रेय जाहिरातीला देणं चूक.

गाडीचा हिशेब वेगळा. २०० ही जुन्या सेब्रिंगची सुधारलेली आवृत्ती होती. सेब्रिंगला समीक्षकांनी झोडपलं होतं. नव्या गाडीचा अंतर्भाग आणि सस्पेन्शन सुधारलं, ३.६ लिटरचं २८३ अश्वशक्तीचं व्ही-सिक्स इंजिन आलं, नाव बदललं. सांगाडा तोच राहिला. पहिल्या वर्षी सुमारे ८७,००० गाड्या विकल्या गेल्या, २०१२ मध्ये सव्वा लाख. मरायला टेकलेल्या मॉडेलसाठी हे चांगलंच. पण २०१२ मध्ये कॅमरी चार लाखांवर खपली. जाहिरातीनं माणसाला दालनापर्यंत आणलं; दार उघडून बसल्यावर गाडीला स्वतःच बोलावं लागणार होतं, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं बेताचंच होतं.

२०१४ मध्ये पूर्ण नवी २०० आली, स्टर्लिंग हाइट्सवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च करून. २०१५ मध्ये विक्री पावणेदोन लाखांवर गेली. तरी उतरत्या छपरामुळे मागच्या सीटवर बसताना डोकं वाकवावं लागतं, ही तक्रार खुद्द मार्किओने यांनी जाहीरपणे मान्य केली. पेट्रोल स्वस्त झालं, लोक एसयूव्हीकडे वळले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये उत्पादन थांबलं.

कामगारांकडे पाहिलं तर जाहिरातीतल्या भाषेला आणखी एक बाजू दिसते. संकटाच्या काळातल्या करारांमुळे एकाच पट्ट्यावर दोन वेतनं होती: जुन्या माणसाला तासाला सुमारे २८ डॉलर, नव्याला सुरुवातीला जवळपास निम्मे. बोल्ट तोच, पाळी तीच. २०१५ मध्ये संघटनेनं केलेला पहिला करार कंपनीच्या कामगारांनी बहुमतानं फेटाळला, त्यामागे मोठं कारण हे दुहेरी वेतन होतं. ‘आमचं काम हेच’ हे वाक्य पडद्यावर ज्यांच्या वतीनं उच्चारलं गेलं त्यांत हा निम्म्या पगाराचा माणूसही होता.

चार दिवसांचं अंतर

जानेवारी २०१४ मध्ये फियाटनं क्रायस्लरची उरलेली मालकी घेतली. २९ जानेवारीला जाहीर झालं की नवी कंपनी नेदरलँड्समध्ये नोंदली जाईल आणि करांसाठी तिचं ठाणं ब्रिटनमध्ये असेल. २ फेब्रुवारीला, पुन्हा सुपर बोलमध्ये, गायक बॉब डिलन नव्या २०० साठी पडद्यावर आले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की बिअर जर्मनीनं गाळावी, घड्याळ स्वित्झर्लंडनं करावं, फोन आशियानं जोडावा, तुमची गाडी आम्ही बनवू.

तीन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत एक शहर स्वतःबद्दल बोलत होतं. इथं देश इतरांना त्यांची जागा दाखवत होता. २०११ मध्ये बाजूला ठेवलेला ध्वज इथं परत आला, आणि मला ही जाहिरात त्यामुळेच पोकळ वाटते. गाडी या वेळी खरोखर जास्त चांगली होती. शब्द मात्र सैल झाले होते.

दरम्यान शहराचं काय झालं? १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइटनं सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी जाहीर केली, तोवरची अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची सगळ्यात मोठी. शहराकडून ज्यांना पैसे यायचे होते त्यांची नजर कलासंग्रहालयाकडे वळली. रिव्हेराची ती चित्रं ज्या इमारतीत आहेत तिच्यातला संग्रह विकावा लागतो की काय अशी वेळ आली. शेवटी संस्थांनी, राज्य सरकारनं आणि देणगीदारांनी पैसे जमवून संग्रह आणि पेन्शनीचा मोठा भाग वाचवला. त्यात फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या तिन्ही मोटार कंपन्यांनी मिळून २.६ कोटी डॉलर दिले. क्रायस्लरचा वाटा ६० लाखांचा. सुपर बोलच्या त्या जमान्यात एका मिनिटाच्या जाहिरातीचा भाव साधारण तेवढाच होता.

स्टर्लिंग हाइट्स आज चालू आहे. तिथून रॅम ट्रक बाहेर पडतात. २०२१ मध्ये डेट्रॉइट शहराच्या हद्दीत मॅक अव्हेन्यूवर समूहाचा नवा जुळणी कारखाना सुरू झाला, तिथं जीप बनते. क्रायस्लर हे नाव लावणारी सेडान मात्र उरली नाही. ब्रॅम्प्टनची ३०० डिसेंबर २०२३ मध्ये थांबली. त्यानंतर या नावाखाली मिनिव्हॅनच राहिली, आणि तिच्या काचेवरच्या चिठ्ठीत जुळणीचं ठिकाण म्हणून विंडसर, ओंटारियो, कॅनडा असं छापलेलं असतं. जाहिरातीत दिसलेल्या जो लुईच्या मुठीपासून नदी काही पावलांवर आहे. काठावर उभं राहिलं की समोर विंडसर दिसतं.